पुराचे पाणी आणि मातीची भिंत

खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील अथणी भागात मात्र वर्षभराचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तोही काही वर्षी पुरा पडत नाही. तरीही ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये घरेदारे सोडून जाण्याची वेळ या कमी पावसाच्या भागातील कृष्णाकाठच्या गावांवरही आली. कारण उघड आहे. कृष्णाकाठी येणारा पूर हा तिथल्या पावसाचा नसतो. तो महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आजरा या घाटमाथ्यावर आणि त्याच्या पायथ्याशी पडलेल्या पावसाचा असतो. डोक्यावर ऊन असताना उंबऱ्याशी पाणी येते ते त्यामुळेच, आणि आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधणारा माणूस येथे हमखास फसतो.

सीमाभागातील मराठी वाचकाला यात एक सोय आहे, ती त्याने पुरेपूर वापरावी असे मला वाटते. पाणी महाराष्ट्रातून येते आणि वरच्या नद्यांच्या बातम्या मराठीत येतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या पुढे गेली होती. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि पुढे राजापूर बंधाऱ्यावरून ते पाणी कर्नाटकात उतरते. वेदगंगा भोजजवळ दूधगंगेला मिळते, आणि दूधगंगा चिकोडी तालुक्यात कृष्णेला. म्हणून निपाणी-चिकोडीकडच्या घरात कोल्हापूरची बातमी ही शेजारच्या जिल्ह्याची बातमी समजू नये.

या बातम्यांत क्युसेक आणि टीएमसी हे दोन शब्द सतत कानावर पडतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजेच सुमारे २८.३ लिटर पाणी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. नदीतून एक लाख क्युसेक पाणी वाहत असेल तर पावणेतीन तासांत एक टीएमसी आणि दिवसभरात साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी पुढे जाते. हिडकल धरणाची साठवण सुमारे ५१ टीएमसी आहे हे लक्षात घेतले, तर धरण भरत आल्यावर काही दिवसांच्या मुसळधार पावसातच दरवाजे का उघडावे लागतात ते कळते. गोकाकची अडचण याहून मोठी आहे. तिथे घटप्रभेत हिडकलमधून सोडलेले पाणी तर येतेच, शिवाय हिरण्यकेशी आणि मार्कंडेय या नद्यांचेही पाणी येते, आणि त्या दोन्ही नद्या हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळत असल्याने ते धरण त्यांना अडवू शकत नाही. म्हणून गोकाक आणि लोळसूरच्या लोकांनी एकट्या हिडकलच्या विसर्गावर अवलंबून राहू नये. संकेश्वरला हिरण्यकेशी किती चढली आहे, हेही विचारत राहावे.

पाणी वरून खाली यायला वेळ लागतो, आणि घरच्या तयारीचे सगळे भांडवल हा वेळच आहे. प्रवाहाचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला तर तो तासाला साडेपाच किलोमीटरच्या आत राहतो, म्हणजे शंभर किलोमीटर अंतर कापायला अठरा-एकोणीस तास. प्रत्यक्षात नदीचे पात्र, वळणे आणि शेतांत पसरणारे पाणी यांमुळे हा हिशेब बदलतो. घाटाजवळच्या लहान नद्या काही तासांत फुगतात, तर कृष्णा संथपणे चढते आणि संथपणेच उतरते. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही आणि मागे फुगवटा चढत जातो. अशा वेळी शिवारात पाणी मागच्या बाजूने, ओढ्या-नाल्यांतून, आवाज न करता येते. नदीकडे डोळे लावून बसलेल्या घराला ते परसातून येऊन गाठते.

या वेळाचा उपयोग करायचा तर आपला उंबरा किती उंचीवर आहे ते आधी माहीत हवे. त्यासाठी लागणारे साधन गावातील प्रत्येक गवंड्याकडे असते: पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीत बुडबुडा राहिलेला नसेल तर तिच्या दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर स्थिर होते. गल्लीतील एखाद्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण असते. नळीचे एक टोक त्या खुणेशी धरून पाणी तिच्याशी जुळवावे आणि दुसरे टोक आपल्या दारात आणावे. तेथील पाण्याची रेघ उंबऱ्याच्या वर किती फूट येते ते दाराच्या चौकटीवर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवावे. पाणी त्या वेळी पुलाच्या कोणत्या दगडापर्यंत किंवा देवळाच्या कितव्या पायरीपर्यंत होते, हे जुन्या माणसांना विचारून त्याची सांगड घालावी. मग पाणी उंबऱ्यापासून तीन फूट खाली आहे आणि तासाला दोन इंचांनी चढते आहे, एवढे कळले तरी हाताशी अठरा तास आहेत असा अंदाज निघतो. वरून विसर्ग वाढला तर हा वेळ कमी होईल, हे मात्र गृहीत धरावे. उन्हाळ्यातल्या एका सकाळी दोघांनी मिळून हे काम सहज होते, आणि माझ्या मते घरच्या तयारीतील सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. त्यामुळे घोट्याच्या वर आलेले वेगवान पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय सोडवते. मोटारीचे गणितही असेच आहे. चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गाडीच्या तळाच्या वर अवघे पंधरा सेंटिमीटर पाणी चढले, तर ते गाडीला सुमारे नऊशे किलोंचा आधार देऊन उचलू लागते, आणि लहान मोटारीचे वजनही तेवढ्याच्या आसपास असते. यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचे पाणी येते तेव्हा वाहतूक बंद करतात ती यासाठी. गॅसच्या टाकीचेही तसेच. घरगुती टाकीत ३३ लिटरहून अधिक जागा असते आणि गॅस भरलेला असतानाही तिचे वजन तीस किलोंच्या आसपास भरते. म्हणून पाणी घरात शिरले की भरलेली टाकीही तरंगते, आणि रबरी नळीला हिसका बसून गॅस सुटू शकतो. घर सोडताना टाकी बंद करून रेग्युलेटर काढावा आणि टाकी खांबाला दोरखंडाने उभी बांधावी. जनावरांची दावी मात्र सोडावीत. मोकळे जनावर पोहून निघण्याची शक्यता असते, बांधलेल्याला ती नसते.

पूर ओसरला की लोक सुटकेचा श्वास घेऊन घरी परततात. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या टप्प्याची. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेल्या घराची भिंत कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. तो नदीचा पूर नव्हता आणि जुलैमधील महापूरही केव्हाच ओसरला होता.

मातीची भिंत कोरडी असताना इतकी भक्कम का असते, हे समजून घेण्यासारखे आहे. मातीच्या कणांच्या सांध्यांत ओलाव्याचे अत्यंत पातळ पापुद्रे उरलेले असतात आणि पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. पाणी वाढत जाऊन कणांमधील सगळी पोकळी भरली की ही ओढ नाहीशी होते, आणि काल छपराचा भार सहज पेलणारी भिंत आज चिखलाच्या ढिगासारखी वागू लागते. भिंत भिजते ती बहुधा पायाशी, जिथे वरचा सगळा भार येऊन टेकतो. धाब्याच्या घरात आणखी भर पडते: दहा फूट लांब-रुंद खोलीवर सहा इंच मातीचा थर असेल तर ती सुमारे १.४ घनमीटर माती झाली, आणि दोन-तीन दिवसांच्या झडीत ती दोन-तीनशे लिटर पाणी सहज पिऊन घेते. म्हणजे भिंत दुबळी होते त्याच वेळी तिच्यावरचे ओझे वाढते.

दोन फूट जाडीची भिंत भिजायला दोन दिवस पुरतात, वाळायला मात्र कित्येक आठवडे लागतात, कारण आतले पाणी पृष्ठभागापर्यंत झिरपत येऊनच उडून जाऊ शकते. बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर ती वाटही बंद होते. भिंत वरून कोरडी, गुळगुळीत दिसते आणि आत गाळ साचल्यासारखी ओली राहते. मातीच्या भिंतीला सिमेंट लावणे ही सुधारणा आहे असे आपल्याकडे अनेक जण समजतात. प्रत्यक्षात मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा मानवतो.

भिंत पडण्याआधी काही सांगते का? बहुतेक वेळा सांगते. कोपऱ्यात तिरपी भेग पडते, पायाशी पोट सुटते, लोणा लागलेला भाग खपल्यांनी गळू लागतो, काल नीट लागणारे दार आज चौकटीत अडकते, तुळई आणि भिंत यांच्यात नवी फट दिसते. भेगेवर खळीने कागदाची पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. पट्टी फाटली तर भिंत हलते आहे, आणि मग त्या खोलीत रात्र काढू नये. पावसाळ्यात जुन्या बाहेरील भिंतीच्या कडेला अंथरूण तर एरवीही घालू नये. मेअखेरीस वळचणीच्या पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतात का ते पाहून पन्हळ लावावी, अंगणाची माती भिंतीकडून बाहेरच्या बाजूला उतरती करावी. मोडकळीला आलेली पडवी पावसाआधी उतरवून घेणे खर्चाचे असते, पण त्याला दुसरा पर्याय नाही.

त्याच दिवसांत घराची चारही बाजूंनी, खोल्यांची आतून आणि जनावरांची कानातल्या बिल्ल्यासह छायाचित्रे काढून ती परगावच्या नातेवाइकाकडे पाठवावीत. पंचनाम्याच्या वेळी पडलेल्या घराचे मूळ रूप दाखवायला तीच उपयोगी पडतात. शेताचा उतारा, रेशनकार्ड आणि पासबुके एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावीत, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावा.

पुराचे पाणी शिरलेली विहीर उपसून काढल्याशिवाय तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकण्यात अर्थ नाही, कारण गढूळ पाण्यातील गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. उपसल्यानंतर नव्याने साठलेल्या दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर हे नेहमीचे प्रमाण आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते आणि त्याला सत्तर ग्रॅम पावडर लागते. पुरानंतर याहून अधिक लागू शकते, म्हणून आरोग्य केंद्राकडून पाणी तपासून घ्यावे आणि तोवर पिण्याचे पाणी उकळूनच वापरावे.