जुनाट दुखणं आणि सायकोथेरपी

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला क्रॉनिक पेन म्हणजेच जुनाट दुखणं म्हणतात. कंबर, मान, गुडघे, मायग्रेन, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहणारा आजार), ऑपरेशननंतर राहून गेलेली कळ, असं बरंच काही यात येतं. अशा दुखण्यावर गोळ्या, फिजिओथेरपी, इंजेक्शनं यांच्या जोडीला बोलण्यातून आणि सवयी बदलण्यातून जे उपचार करतात ती सायकोथेरपी, आणि इथेच बहुतेक पेशंट बिथरतात, कारण सायकॉलॉजिस्टकडे जा म्हटलं की त्यांना ऐकू येतं ते एवढंच, की तुझं दुखणं खोटं आहे. आधीच रिपोर्ट नॉर्मल आलेले असतात, घरचे म्हणत असतात की सगळं मनात आहे, त्यात डॉक्टरही तेच म्हणतायत असं वाटतं आणि माणूस परत त्या वाटेला जात नाही. म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगतो: दुखणं खरं असतं. रिपोर्टमध्ये काही दिसो न दिसो, ज्याला दुखतंय त्याला दुखतंयच.

मग मनाचा संबंध कुठे येतो? १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी गेट कंट्रोल थिअरी मांडली. जखमेकडून निघालेला सिग्नल जसाच्या तसा मेंदूत पोचत नाही, पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं, ते कमीजास्त उघडतं आणि मेंदूकडून खाली येणारे सिग्नलसुद्धा ते उघडतात-मिटतात असं त्यांचं म्हणणं. त्या थिअरीतले बारीकसारीक तपशील पुढे बदलले, पण मूळ मुद्दा टिकला. म्हणजे भीती, झोप, लक्ष कुठे आहे, आधीचे अनुभव, या सगळ्यांचा दुखण्याच्या तीव्रतेवर खरोखरचा, शरीरातला परिणाम होतो. शिवाय दुखणं महिनोन् महिने चाललं की नर्व्हस सिस्टीमच हळवी होऊन बसते, चोर पकडायला लावलेला अलार्म मांजर गेलं तरी कोकलायला लागावा तसं. जखम भरलेली असते, अलार्म मात्र चालूच. थेरपी काम करते ती या अलार्मवर, आणि दुखण्यामुळे आकसत गेलेल्या आयुष्यावर.

हे आकसणं कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. वाकताना कळ आली, म्हणून माणूस वाकायचं टाळतो. टाळलं की स्नायू कमजोर होतात, सांधे आखडतात, मग थोडं हललं तरी दुखतं, म्हणजे भीती खरीच होती असं वाटतं, की आणखी टाळायचं. हळूहळू बाहेर जाणं सुटतं, मित्र सुटतात, काम सुटतं, उरतं फक्त दुखणं आणि त्याच्याकडे लागलेलं लक्ष. रात्री तीनला जाग आलेली असते आणि डोक्यात चक्र चालू असतं की हे वाढतच जाणार, मी अंथरुणाला खिळणार, माझ्यामुळे सगळ्यांचे हाल. अशा विचारांत जो जास्त अडकतो त्याला दुखतंही जास्त आणि त्याची रोजची कामंही जास्त अडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय.

सगळ्यात जास्त वापरली आणि तपासली गेलेली पद्धत म्हणजे सीबीटी, म्हणजेच कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची. पॉझिटिव्ह विचार करा असं सांगणं म्हणजे सीबीटी नाही, तो गैरसमज आधी काढून टाकावा. यात तो रात्री तीनचा विचार कागदावर उतरवायचा, त्याला पुरावा काय ते बघायचं, मागच्या वेळी इतकंच दुखलं तेव्हा पुढे नेमकं काय झालं ते आठवायचं. 'मी संपलो'च्या जागी 'हा भडका आहे, मागचा चार दिवसांत उतरला होता' एवढं जरी आलं तरी अंग सैल पडतं. जोडीला श्वास, रिलॅक्सेशन आणि झोपेवर काम. झोपेकडे फार दुर्लक्ष होतं खरंतर, झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी दुखणं चढतं हे कुठलाही पेशंट सांगेल.

पण माझ्या मते यातली सोन्यासारखी गोष्ट आहे पेसिंग, म्हणजे कामं ठरवलेल्या वेळेपुरतीच, थोडी थोडी करणं. बहुतेकांचं असं होतं की एखादा दिवस बरा गेला की साठलेलं सगळं एका दमात उरकायचं, कपाट आवर, चादरी बदल, फरशी पूस, आणि मग तीन दिवस आडवं. परत बरं वाटलं की परत तेच. थेरपिस्ट काय करतात, तर आधी बघतात की वाईट दिवशीही दुखणं न वाढता किती वेळ उभं राहता येतं. समजा दहा मिनिटं. मग सुरुवात करायची आठपासून, टायमर लावून. टायमर वाजला की भांडी अर्धी राहिली तरी बसायचं, आणि हे फार जड जातं कारण तेव्हा काहीच दुखत नसतं. पण तेच तर हवंय, थांबायचं ते घड्याळ बघून, कळ येईपर्यंत वाट बघून नाही. कळ आली की थांबायचं आणि आराम मिळवायचा, याने मेंदू कळेलाच थांबायची खूण समजायला शिकतो. हा विचार अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधले सायकॉलॉजिस्ट विल्बर्ट फोर्डाइस यांनी रुजवला, १९७६ साली त्यांचं त्यावर पुस्तकही आलं. मग आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवत न्यायचं.

दुसरी वाट म्हणजे एसीटी, म्हणजेच अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, स्वीकारावर उभी असलेली थेरपी. इथे दुखणं कमी करायच्या मागे लागत नाहीत, दुखणं सोबत असतानाही मला महत्त्वाचं काय आणि त्यातलं आज किती करता येईल हे विचारतात. स्वीकार म्हणजे हार मानणं नाही, सगळी ताकद दुखण्याशी झटण्यातच जात होती ती सोडवून घेणं. माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा कोर्सही खूप ठिकाणी वापरतात. अलीकडे पेन रीप्रोसेसिंग थेरपीची बरीच चर्चा आहे. तिच्यात कंबरदुखीकडे धोक्याची खूण म्हणून न बघता मेंदूचा चुकीचा अलार्म म्हणून बघायला शिकवतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५१ जणांच्या ट्रायलमध्ये ही थेरपी मिळालेल्या ५० पैकी ३३ जणांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं. आकडा मोठाच आहे, पण ती माणसं बऱ्यापैकी शिकलेली, हिंडती-फिरती होती आणि दुखणं हलकं ते मध्यम होतं, म्हणून सगळ्यांना तो लावू नये.

एकूण फायदा किती, हे खरंखरं सांगायला हवं. २०२० च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (कॉक्रेन ही आधीचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ७५ अभ्यास आणि ९,४०१ माणसं होती. सीबीटीने दुखणं, रोजची कामं अडणं आणि मनाचा त्रास तिन्ही कमी होतात, पण सरासरीने थोडेच, असं त्यात निघालं. थोडं म्हणजे काही नाही असं मात्र समजू नका, रोज दुखणाऱ्या माणसाला अर्धा तास जास्त बसता येणं फार मोठं असतं. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या नाइस संस्थेच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये, ज्या दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही किंवा सापडलेल्या आजाराच्या मानाने दुखणं फारच जास्त असतं, त्यासाठी व्यायामाबरोबर एसीटी किंवा सीबीटीचा विचार करा असं म्हटलंय, ओपिऑइड (अफूच्या जातीच्या) गोळ्या मात्र सुरू करू नका असं.

थेरपी चालू केली म्हणून तपासण्या टाळायच्या नाहीत. हातापायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, विनाकारण वजन उतरणं असं काही असेल तर आधी डॉक्टर. चालू गोळ्याही मनाने बंद करू नयेत.

घरच्यांना एखाद्या सेशनला बोलावतात ते चांगलंच करतात. दर तासाला दुखतंय का विचारणं, हातातलं काम काढून घेणं, हे प्रेमापोटीच असतं पण त्याने लक्ष परत दुखण्यावरच जातं, त्याऐवजी फिरायला येतोस का विचारलेलं बरं. शेवटच्या सेशनमध्ये साधारण भडक्याचा प्लॅन लिहून देतात: दुखणं उसळलं तर दोन दिवस टायमर निम्म्यावर आणायचा पण शून्यावर नाही, श्वासाचा सराव दिवसातून तीनदा, फोन कुणाला करायचा, आणि चौथ्या दिवशी कुठून सुरू करायचं. तो कागद चांगल्या दिवशीच लिहायचा आणि उशापाशी हाताला लागेल असा ठेवायचा, कारण भडका आला की यातलं काहीच आठवत नाही.