बंगल्याला खांब-कमानी हव्यात? आधी मापांचं बोलू

एलिव्हेशनसाठी, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूच्या डिझाइनसाठी, आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक मोबाइलवर इटलीतल्या एखाद्या प्रासादाचा फोटो दाखवून ‘असं करून द्या’ म्हणतात. करून देता येतं. फक्त त्या फोटोतली निम्मी शोभा मापांची असते, आणि मापं मोल्डिंगसारखी (नक्षीच्या पट्ट्यांसारखी) मागाहून चिकटवता येत नाहीत.

फ्लॉरेन्समध्ये १४१९ साली ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने अनाथालयाचं काम सुरू केलं. तिथल्या ओसरीत खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि ओसरीची रुंदी एकच आहे. पुढे पल्लादिओ या इटालियन वास्तुविशारदाने १५७० च्या ग्रंथात खोल्यांची प्रमाणं लिहून ठेवली. आपल्या भाषेत सांगायचं तर १२ फूट रुंद खोलीची लांबी १२, १६, १७, १८, २० किंवा २४ फूट. आजही प्लॅन काढताना हे आकडे कामी येतात. सपाट छताची उंची रुंदीइतकी ठेवा, हा त्याचा नियम मात्र साडेनऊ फुटी स्लॅबखाली जमत नाही; तिथे फूटभर कॉर्निस (भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली पट्टी) लावून खोली आणखी बुटकी करू नका.

‘आम्हाला मॉडर्न हवंय’ म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं. ल कॉर्बुझिए या आधुनिक वास्तुविशारदाने १९२७ च्या सुमारास पॅरिसजवळ गार्शला बांधलेल्या घरावर नक्षी औषधालाही नाही, पण त्याचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, २:१:२:१:२ या मापाने पडतात. पल्लादिओच्या व्हिला फोस्कारी या घराचेही तसेच.

गाळे सारखे नसतील तर? पार्किंग आणि जिन्यापायी आपल्याकडे कॉलम पुढेमागे होतातच. इटलीतल्या विचेंझा शहराच्या जुन्या सभागृहाभोवती १५४९ पासून दगडी सज्जे उभारताना पल्लादिओपुढे हीच अडचण होती. त्याने मधली कमान सगळीकडे एकाच मापाची ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या चौकोनी फटी गरजेप्रमाणे कमी-जास्त केल्या. फरक तिथे जिरला. आम्ही खिडक्यांच्या बाजूच्या पट्ट्यांत नेमकं हेच करतो.

आता खांब. तस्कन, आयोनिक आणि कॉरिंथियन या खांबांच्या जुन्या शैली. पल्लादिओच्या हिशेबाने तस्कन खांबाची उंची जाडीच्या ७ पट, आयोनिकची ९ आणि कॉरिंथियनची साडेनऊ. म्हणजे १० फुटी तस्कन खांब तळाशी सुमारे १७ इंच जाड हवा आणि वर निमुळता. ९ इंची आरसीसी कॉलमवर सरळ पाइप चढवला की तो पाण्याच्या टाकीचा पाय दिसतो. खर्च थोडा वाढेल, पण केसिंग (कॉलमभोवतीचं आवरण) मापात करून घ्या. नाहीतर खांबच नको.

बाहेरच्या कामाला पीओपी आम्ही देत नाही, आग्रह केला तरी. पावसाळ्यात ते टिकत नाही. जीआरसी (काचेचे तंतू मिसळलेलं काँक्रीट) घ्या, आणि कॉर्निसच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, बोटभर रुंद खाच आहे ना हे हात फिरवून बघा. ती नसेल तर पाणी मागे ओघळून भिंतीवर काळे पट्टे उमटतात.

संगमरवर लागतोच असं नाही. जुन्या गोव्याचं सेंट कॅजेटन चर्च रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर बांधलंय, दर्शनी बाजूला कॉरिंथियन खांब आहेत, आणि बांधकाम चिऱ्याचं, वर चुन्याचा गिलावा.

पहिल्या भेटीला प्लॅन, कॉलमची आखणी, मजल्यांची उंची आणि रस्त्यावरून काढलेला प्लॉटचा फोटो आणा. स्लॅब पडण्याआधी आलात तर उत्तम. नंतर फक्त खिडक्या आणि मोल्डिंगच आमच्या हातात उरतं.