पार्श्वभूमी : जुनी ओळ न पुसणारा डेटाबेस

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील पतसंस्था, जिनिंग, डाळ मिल, बाजार समितीतील अडत दुकाने आणि केळीचे व्यापारी यांच्यासाठी संगणकप्रणाली लिहिणाऱ्या मंडळींपुढे नवे काम हाती घेताना पहिला प्रश्न असतो तो माहिती कोणत्या डेटाबेसमध्ये ठेवायची हा. त्या चर्चेत पोस्टग्रेसक्यूएलचे, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या पोस्टग्रेसचे, नाव निघाले की एका बाजूला त्याचे गुण आणि दुसऱ्या बाजूला त्याचे दोष मांडले जातात, आणि दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून निर्णय घेतला जातो. ही पद्धत अपुरी आहे असे माझे मत आहे. पोस्टग्रेसचे सर्वांत मोठे गुण आणि सर्वांत जाचक दोष हे बव्हंशी एकाच मुळातून आलेले आहेत, आणि ते मूळ १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात घेतलेल्या एका निर्णयात आहे. नोंद बदलली तरी जुनी ओळ पुसायची नाही, नवी ओळ शेजारी लिहायची, असा तो निर्णय होता.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल पद्धतीची मांडणी करणारा निबंध प्रसिद्ध केला. माहिती टेबलांच्या रूपात ठेवावी आणि ती डिस्कवर कुठे, कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याला नसावी, हा त्याचा गाभा होता. त्या निबंधाच्या आधारे आयबीएममध्ये ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातून पुढे एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा आली. तर बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी १९७३ च्या सुमारास ‘इंग्रेस’ या डेटाबेसचे काम सुरू केले. इंग्रेसची स्वतःची क्वेल नावाची भाषा होती.

इंग्रेसनंतर स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस हा नवा प्रकल्प हाती घेतला. त्यात दोन महत्त्वाकांक्षा होत्या. पहिली अशी की अंक आणि अक्षरे यांपलीकडचे माहितीप्रकार, उदाहरणार्थ नकाशावरील बिंदू किंवा बहुभुज, वापरणाऱ्याला स्वतः भरता यावेत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र इंडेक्सही, म्हणजे जलद शोधासाठीच्या सूच्याही, करता यावेत. ही महत्त्वाकांक्षा पूर्ण फळाला आली. २००१ मध्ये आलेले पोस्टजीआयएस हे विस्तारक त्याच पायावर उभे आहे. तापी खोऱ्यातील केळीबागांचे गट, पाटचाऱ्या आणि विहिरी नकाशासह नोंदवायच्या असतील तर आजही मुक्त (ओपन सोर्स) डेटाबेसमध्ये त्याला तोड सापडणे कठीण आहे.

दुसरी महत्त्वाकांक्षा साठवणुकीची होती. त्या काळातील डेटाबेस ओळ जागच्या जागी बदलत असत आणि यंत्रणा मध्येच बंद पडल्यास सावरण्यासाठी बदलांची स्वतंत्र लॉग ठेवत असत. स्टोनब्रेकर यांना ही लॉग नकोशी होती. जुनी ओळ तशीच राहिली तर अर्धवट राहिलेला व्यवहार (सगळे बदल एकत्र व्हावेत किंवा एकही होऊ नये असा गट) रद्द करण्यासाठी काहीच करावे लागत नाही, आणि शिवाय एखादे खाते सहा महिन्यांपूर्वी कसे होते हेही विचारता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. जुन्या ओळी ‘व्हॅक्यूम क्लीनर’ नावाची प्रक्रिया उचलून ऑप्टिकल डिस्कवर नेऊन ठेवील अशी कल्पना होती. आपल्याकडचे जुने दिवाणजी खतावणीतील चुकीची रक्कम पुसत नसत, उलट नोंद टाकून ती फिरवत; या रचनेमागचा विचार त्याच जातीचा होता.

बर्कलीतील प्रकल्प १९९४ मध्ये आवृत्ती ४.२ वर अधिकृतपणे संपला. त्याच वर्षी अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएलची जोड दिली. ‘पोस्टग्रेस९५’ या नावाने ते बाहेर पडले, १९९६ मध्ये त्याचे पोस्टग्रेसक्यूएल असे नामकरण झाले आणि इंटरनेटवरून काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाने ते पुढे चालवले. ऑप्टिकल डिस्कची कल्पना मागे पडली, भूतकाळात डोकावण्याची सोयही काढून टाकण्यात आली. परंतु ओळ न पुसण्याची साठवणूक मात्र राहिली. १९९९ मधील ६.५ या आवृत्तीत रशियातील वादिम मिखेएव यांनी तिचाच उपयोग करून एमव्हीसीसी ही, एकाच ओळीची अनेक रूपे सांभाळण्याची, पद्धत आणली. मूळ मांडणीत प्रत्येक आज्ञेला, आणि तसे ठरवले तर संपूर्ण व्यवहाराला, सुरुवातीच्या क्षणी योग्य असलेल्या ओळी दिसतात, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. ज्या पतसंस्थेत ३१ मार्चला एकीकडे ताळेबंद काढणे सुरू असते आणि दुसरीकडे खिडकीवर भरणा घेणे थांबवता येत नाही, तिथे या गुणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गंमत अशी की स्टोनब्रेकर यांना नको असलेली लॉग शेवटी परत आणावीच लागली. २००१ मधील ७.१ आवृत्तीत बदल आधी लॉगमध्ये आणि मग टेबलात लिहिण्याची पद्धत आली, आणि तेव्हापासून वीज गेली तरी पूर्ण झालेला व्यवहार हरवत नाही हे आश्वासन डेटाबेस देऊ शकला. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या खानदेशात ही बाब फार मोठी होती, कारण तोपर्यंत इथली बहुतेक कामे फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेसवर चालत होती आणि वीज गेल्यावर इंडेक्स बिघडला की ‘रीइंडेक्स’ चालवून बसणे हा अनेक कार्यालयांचा नित्याचा भाग होता. फॉक्सप्रोच्या एका फाइलला दोन जीबीची मर्यादा होती, आणि २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले.

तरीही फॉक्सप्रोची जागा आपल्याकडे लगेच पोस्टग्रेसने घेतली नाही, आणि याला पोस्टग्रेसचा स्वतःचा उशीर कारण आहे. विंडोजवर थेट चालणारी त्याची पहिली आवृत्ती ८.० ही जानेवारी २००५ मध्ये आली. तोवर सिगविनची, म्हणजे लिनक्ससारखे वातावरण विंडोजवर उभे करणाऱ्या प्रणालीची, आडवाट धरावी लागत असे. लिनक्सचा माणूस शोधूनही मिळत नव्हता अशा गावांत हा अडसर पुरेसा होता. दरम्यान मायएसक्यूएल हे दुसरे मुक्त डेटाबेस बसवायला सोपे आणि वेबसाइटसाठी सर्वत्र उपलब्ध असल्याने पुढे गेले, जरी २०१० मधील ५.५ आवृत्तीपर्यंत त्याच्या मूळ मांडणीतले टेबल-इंजिन (टेबले साठवणारा भाग) व्यवहारांची हमी देत नव्हते. हिशेबाच्या कामासाठी ते तसेच वापरणे हा माझ्या मते धाडसाचाच भाग होता. २०१० मध्येच ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर मायएसक्यूएलही ओरॅकलकडे गेले, तेव्हा मालकी या मुद्द्याकडे अनेकांचे प्रथमच लक्ष गेले. पोस्टग्रेसला एक मालक कंपनी नाही, आणि त्याचा परवाना इतका मोकळा आहे की बदल करून विकले तरी कोणाची परवानगी लागत नाही.

आता किमतीकडे वळू. जुन्या ओळी टेबलातच राहतात, म्हणून त्या कोणीतरी उचलाव्या लागतात. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तसा बदल आजच्या पाच लाख सभासदांच्या टेबलावर करायचा आणि त्यातील दोन लाख नावे शहादा, तळोदा, नवापूर या भागांतील आहेत असे धरले, तर जिल्ह्याचा रकाना बदलणारी एकच आज्ञा दोन लाख नव्या ओळी लिहिते आणि टेबलात सात लाख ओळी होतात. व्हॅक्यूम चालल्यावर त्या दोन लाख मृत ओळींची जागा पुन्हा वापरता येते, पण फाइल सहसा लहान होत नाही. ती खरोखर आकसायची तर पूर्ण व्हॅक्यूम करावा लागतो आणि तोपर्यंत टेबलाला कुलूप असते.

प्रारंभीच्या काळात व्हॅक्यूम हाताने किंवा रात्रीच्या वेळापत्रकाने चालवावा लागे. ८.१ मध्ये, म्हणजे २००५ साली, तो आपोआप चालण्याची सोय मुख्य प्रणालीत आली आणि २००८ मधील ८.३ पासून ती मूळ मांडणीतच सुरू ठेवण्यात आली. ८.३ मध्येच आणखी एक सुधारणा झाली. इंडेक्स नसलेलाच रकाना बदलला आणि डिस्कवरील त्याच पानावर जागा असली, तर इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही. यामुळे भार पुष्कळ कमी झाला, पण दोष संपला नाही. स्वयंचलित व्हॅक्यूमचा मूळ हिशेब टेबलाच्या सुमारे वीस टक्के ओळी मृत झाल्यावर कामाला लागण्याचा आहे; एक कोटी ओळींच्या टेबलात हे म्हणजे वीस लाख मृत ओळी साचू देणे होय. मोठ्या टेबलांसाठी हे प्रमाण वेगळे ठरवणे गरजेचे असते, आणि ते ठरवले जात नाही म्हणून ‘पोस्टग्रेस हळूहळू मंदावते’ ही तक्रार ऐकू येते. याहून फसवे कारण म्हणजे उघडा राहिलेला व्यवहार. एखाद्या जोडणीने, म्हणजे डेटाबेसला जोडलेल्या प्रोग्रॅमने, व्यवहार सुरू करून जुने चित्र धरून ठेवले आणि तो मिटवलाच नाही, तर त्यानंतर मृत झालेल्या ओळी व्हॅक्यूमला उचलता येत नाहीत, मग तो कितीही वेळा चालो.

दुसरी किंमत व्यवहारांच्या क्रमांकांची आहे. कोणती ओळ कोणाला दिसावी हे ठरवण्यासाठी प्रत्येक ओळीवर ती लिहिणाऱ्या व्यवहाराचा ३२ बिटांचा क्रमांक असतो. असे क्रमांक सुमारे चार अब्ज आहेत आणि ते फिरून पुन्हा सुरू होतात, म्हणून जुन्या ओळी वेळेत ‘गोठवून’, म्हणजे कायमच्या जुन्या अशी खूण करून, घ्याव्या लागतात. ते दीर्घकाळ झाले नाही तर माहिती चुकीची दाखवण्यापेक्षा डेटाबेस नवे लेखन स्वीकारणेच थांबवतो. एखाद्या अडत दुकानाच्या आवकीला ही सीमा गाठणे अवघड आहे, पण ठिबकच्या संचांवरील सेन्सरची प्रत्येक नोंद स्वतंत्र व्यवहार म्हणून लिहिणाऱ्या प्रणालीला ती तितकी दूर नसते.

तिसरी किंमत लेखनाची. पोस्टग्रेसमधील इंडेक्स ओळीच्या प्रत्यक्ष जागेकडे बोट दाखवतात, त्यामुळे वर सांगितलेली ८.३ मधील सवलत लागू झाली नाही तर एक रकाना बदलला तरी त्या टेबलावरील सर्व इंडेक्समध्ये नोंद करावी लागते. उबर कंपनीने २०१६ मध्ये पोस्टग्रेसवरून मायएसक्यूएलकडे जाण्याची कारणे जाहीरपणे मांडली, त्यांत हे एक प्रमुख होते. त्या लिखाणावर बराच वाद झाला. परंतु दहा-बारा इंडेक्स असलेल्या आणि सतत बदलणाऱ्या टेबलाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपल्याकडे ‘शोध जलद व्हावा’ म्हणून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स टाकण्याची जी सवय आहे, ती या डेटाबेसमध्ये विशेष महाग पडते.

सर्वच उणिवा या एका मुळाच्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस ही रचना बर्कलीच्या काळापासूनची आहे. मूळ मर्यादा शंभर जोडण्यांची असते, आणि कापसाच्या हंगामात अनेक केंद्रांवरून एकाच वेळी काटापट्ट्या येऊ लागल्या की मध्ये पीजीबाउन्सरसारखी जोडण्या वाटून देणारी प्रणाली बसवावी लागते. दुसऱ्या सर्व्हरवर सतत प्रत ठेवण्याची अंगभूत सोय सप्टेंबर २०१० मधील ९.० पर्यंत नव्हती, आणि मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर दुसऱ्याने आपोआप जागा घेण्याची व्यवस्था आजही बाहेरून जोडावी लागते.

मराठीच्या दृष्टीने चित्र संमिश्र आहे. मजकुराची लांबी अक्षरचिन्हांत मोजली जाते, बाइटमध्ये नाही, त्यामुळे देवनागरी नावे मध्येच तुटण्याची भीती कमी. मात्र ‘क्षी’ हे एक अक्षर चार चिन्हांचे धरले जाते. क्रमवारीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. केवळ युनिकोड क्रमांकांनुसार लावले तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये येतो, म्हणून काळे, कावळे, कासार असा क्रम मिळतो. वर्णमालेप्रमाणे ‘ळ’ शेवटी असल्याने काळे हे कासारांच्याही मागे जायला हवेत. पूर्वी ही क्रमवारी पूर्णपणे कार्यप्रणालीच्या ग्रंथालयावर, म्हणजे तयार सॉफ्टवेअर-संचावर, सोपवलेली होती. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या ग्रंथालयाची २.२८ आवृत्ती आली, तिने क्रमनियम बदलले आणि कार्यप्रणाली अद्ययावत केलेल्या अनेक सर्व्हरवर जुन्या क्रमाने रचलेले इंडेक्स चुकीचे ठरले. टेबलात असलेले नाव शोधात सापडेनासे होणे हे त्याचे लक्षण. उपाय इंडेक्स पुन्हा बांधण्याचा होता. २०१७ च्या आवृत्ती १० पासून आयसीयू या युनिकोडसाठीच्या स्वतंत्र ग्रंथालयाचे नियम निवडता येतात, ते मराठी याद्यांवर पडताळून वापरणे श्रेयस्कर. शब्दांची मूळ रूपे ओळखून मजकूर शोधण्याच्या सोयीत २०२१ साली आवृत्ती १४ मध्ये हिंदी आली. मराठी अजून नाही, त्यामुळे ‘शेतकऱ्यांना’ लिहिलेला अर्ज ‘शेतकरी’ या शोधात सापडत नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आणि सरकारी कामांत पोस्टग्रेसचा मार्ग सुकर झाला. छोट्या संस्थेसाठी मात्र परवान्याचा खर्च वाचणे ही अर्धीच बाब आहे. दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते, प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाणे हे स्वतंत्र, नियोजनाचे काम असते. ज्या संस्थेने बसवून दिलेला सर्व्हर आठ वर्षे हात न लावता चालवायचा ठरवले आहे, तिने हे आधीच करारात लिहून घ्यावे.

मुळातला निर्णय बदलण्याचे प्रयत्नही झाले आहेत. एंटरप्राइझडीबी या कंपनीने ‘झीप’ या नावाने ओळ जागीच बदलणारी आणि जुने रूप वेगळ्या जागी ठेवणारी साठवणूक तयार करायला घेतली होती, आणि २०१९ मधील आवृत्ती १२ मध्ये पर्यायी साठवणूक जोडण्याचा दरवाजा औपचारिकपणे उघडण्यात आला. झीप मुख्य प्रणालीत आली नाही. २०२५ च्या आवृत्ती १८ ने डिस्कवरून वाचण्याची पद्धत सुधारली, परंतु मूळ टेबलांची साठवणूक तिच्यातही जुनीच आहे आणि व्यवहारांचे ओळींवरचे क्रमांकही ३२ बिटांचेच आहेत.