बातमी अडवणं वेगळं, बातमी रचणं वेगळं, एकदाचं समजून घ्या की ओ

लढाई लागली की आमच्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. पहिला, "लाइव्ह दाखवायला बंदी केली, संपलं पत्रकारितेचं स्वातंत्र्य." दुसरा तासाभरानं, बऱ्याचदा त्याच माणसाचा, "आपला मीडिया किती फ्री आहे बघा, काय वाट्टेल ते दाखवायलेत." मे २०२५ मध्ये, पाकिस्तानविरुद्ध ऑपरेशन सिंदूर चालू असताना, हे दोन्ही इतक्या वेळा वाचलं की आता वैताग आलाय. दोन्हींत घोळ एकच. बातमी अडवणं आणि बातमी रचणं हे एकच समजून चाललेत सगळे.

अडवणं म्हणजे काय हे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी माणसाला शिकवायला नको. मेळाव्याला परवानगी नाही, जमावबंदी लावली, महाराष्ट्रातला नेता हद्दीवरच थांबवला, हे आपण बघतच आलोय. जुनं उदाहरण पाहिजे तर पहिलं महायुद्ध चालू असताना १ मे १९१६ ला टिळक बेळगावात बोलले, ते भाषण आणि अहमदनगरची दोन भाषणं धरून सरकारनं त्यांच्याकडं चांगल्या वर्तणुकीच्या हमीचा २० हजारांचा जातमुचलका मागितला, आणि नोव्हेंबरमध्ये हायकोर्टानं तो हुकूम रद्द केला. तेवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर युद्धातलं अडवणं. २६ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, माहिती-प्रसारण खात्यानं चॅनलवाल्यांना सूचना काढली की लष्करी कारवाई आणि फौजेच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका. त्यात कारगिल, कंदाहारचं विमान अपहरण आणि २६/११ चे दाखले दिलेले होते. माझं मत विचाराल तर ही बंदी शंभर टक्के बरोबर. २६/११ ला ताज-ओबेरॉयबाहेर कॅमेरे लावून कमांडो कुठून चढायलेत ते चॅनलनी दाखवलं आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच टीव्हीवर बघून आतल्यांना फोनवर सांगत होते. कसाबच्या निकालात, ऑगस्ट २०१२ मध्ये, सुप्रीम कोर्टानं चॅनलना त्यावरून चांगलं झापलंय. आमच्या भागात गल्लीगणिक एखादं फौजी घर, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर शहरातच. पोरगा सीमेवर असलेल्या आईला विचारा, गाडी कुठल्या रस्त्यानं चाललीय ते टीव्हीवर यावं का म्हणून.

पण सगळी अडवणूक चांगली असंही नाही. त्याच मे महिन्यात एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीनं सांगितलं की भारत सरकारनं त्यांना आठ हजारांवर अकाउंट बंद करायला सांगितलेत, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी कुठली पोस्ट चुकीची तेही कळवलं नाही. फौजेची गाडी दाखवू नका हे समजतं, पण कारण न देता तोंड बंद हे नाही समजत. असो, हा फरक लोकांना बऱ्यापैकी कळतो, इथं फार वेळ घालवत नाही.

खरी फसगत पुढं आहे. ८ मेची रात्र आठवा. कराची बंदर पेटलं, आयएनएस विक्रांतनं हल्ला केला, इस्लामाबाद ताब्यात आलं, पाकिस्तानात सत्तापालट होऊन लष्करप्रमुख मुनीरला अटक झाली, हे सगळं एका रात्रीत, मोठमोठ्या चॅनलवर, लाल पट्टीत. माझा एक चुलतभाऊ रात्री दीड वाजता फोन करून म्हणतो, "दादा, कराची गेलं!" सकाळी कराची जिथल्या तिथं. यातलं काही सरकारनं जाहीर केलं होतं का? नाही. फौजेच्या ब्रीफिंगमध्ये होतं का? तेही नाही. म्हणजे चॅनलवाल्यांना कुणी अडवलं नव्हतं, उलट ते इतके मोकळे होते की एका शेजाऱ्याचं ऐकून दुसरा चढवून सांगत होता. मोकळं तोंड आणि खरी बातमी यांचा काही संबंध असतोच असं नाही, हे त्या रात्री दिसलं. तरी दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रुपवर "बघा, सरकारनं खरी बातमी दाबली, कराचीचं काहीच सांगत नाहीत" असा मेसेज! दाबायला आधी काहीतरी घडायला पाहिजे की.

आता मुद्दा. लोक विचारतात, "माहिती लपवणं म्हणजेच खोटं बोलणं नाही का?" नाही. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात बीबीसीचा ब्रायन हॅनरहन विमानवाहू जहाजावर होता. हल्ल्याला किती विमानं गेली तो आकडा सांगायला मनाई. तो म्हणाला, किती गेली ते सांगता येत नाही, पण जाताना सगळी मोजली आणि येताना सगळी मोजली. झालं. आकडा शत्रूला मिळाला नाही, एकही विमान पडलं नाही हे घरच्यांना कळलं, आणि आकडा राखून ठेवलाय हेही त्यानं उघड सांगितलं. तसंच ११ मे २०२५ ला आपल्या एअर मार्शल भारतींना विमानं पडली का विचारलं, तर ते म्हणाले लढाईत नुकसान होतंच, आमचे सगळे पायलट परत आलेत, बाकी आत्ता सांगणार नाही. मग ३१ मेला सिंगापूरमध्ये सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं, तेव्हाही आकडा सांगितला नाही. ते तुम्हाला आवडो न आवडो, त्यात खोटं नाही. अमुक एक सांगत नाही हेच त्यांनी सांगितलं.

म्हणून मी बातमी बघताना जागा रिकामी आहे का भरलेली ते बघतो. अडवलेली बातमी भोक सोडून जाते. आणीबाणीत २८ जून १९७५ ला इंडियन एक्सप्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी छापली, ती कोरी चौकट बघून वाचकाला कळलं की इथं काहीतरी होतं. रचलेली बातमी भोक ठेवतच नाही, ती फोटो, आवाज, नकाशा, आकडा सगळं घेऊन येते, आणि म्हणूनच जास्त खरी वाटते. कुठलाही हल्ला सोफ्यावर बसून पूर्ण दिसायला लागला की मला पहिली शंका येते. त्या आठवड्यात व्हिडिओ गेममधली गोळाबारी खरी म्हणून फिरली, आणि तिकडून पाकिस्तानी अकाउंटवरून २०२१ मध्ये मोगा इथं पडलेल्या मिग-२१ चा जुना फोटो ताजा म्हणून आला. दोन्हीकडं रिकामी जागा भरायचीच घाई.

आणि हे चॅनलवाल्यांच्या टीआरपीपुरतं नाही. १९९० मध्ये इराकनं कुवेत बळकावल्यावर अमेरिकेत एका कुवेती पोरीनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधून बाळं काढून टाकली. नंतर कळलं ती वॉशिंग्टनमधल्या कुवेती राजदूताची मुलगी, आणि सगळी मोहीम एका पीआर कंपनीनं बसवलेली. २००२-०३ मध्ये इराककडं महासंहारक शस्त्रं आहेत म्हणून न्यूयॉर्क टाइम्सनं पानंच्या पानं छापली, मे २००४ मध्ये स्वतःच लिहिलं की आम्ही पुरेसं तपासलं नाही. तिथं कुणी सेन्सॉर बसला नव्हता. स्वातंत्र्य पूर्ण होतं आणि बातमी रचलेली होती.

उपाय वेगळे पडतात ते याचमुळं. अडवलं तर निदान एक कागद असतो, हुकूम असतो, त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. टिळक गेले आणि जिंकले. रचलेल्या बातमीचा कागदच नाही, कुणावर केस घालणार? "कराची गेलं" म्हणणाऱ्या अँकरनं दुसऱ्या दिवशी नवीन कोट घातला आणि नवीन चर्चा घेतली.

दोन्ही एकत्र आलं की मात्र अवघड. रशियानं मार्च २०२२ मध्ये फौजेबद्दल "खोटी माहिती" दिली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग असा कायदा केला, स्वतंत्र वृत्तपत्रं, चॅनल बंद पडली, आणि मोकळ्या झालेल्या मैदानात सरकारी टीव्हीनं युक्रेनवरच्या युद्धाला "विशेष लष्करी कारवाई" म्हणत आपली गोष्ट भरली. गाझात ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पत्रकारांना इस्रायलनं स्वतंत्रपणे आत सोडलं नाही, फौजेबरोबर गेलात तरच, तेही ते दाखवतील तेवढंच. अशा ठिकाणी अडवणं हीच रचण्याची पहिली पायरी.

अजून एक, २०२५ च्या आरएसएफच्या (पत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना) पत्रकारिता-स्वातंत्र्याच्या यादीत भारत १८० पैकी १५१ वा, हा आकडा दाखवून "म्हणजे सगळ्या बातम्या खोट्या" म्हणणारे. ती यादी पत्रकारांवर दबाव किती ते सांगते, कालची बातमी खरी का खोटी ते नाही.

शेवटचं आपल्याच जिल्ह्यातलं. ऑपरेशन सिंदूरचं ब्रीफिंग देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशींचं सासर गोकाक तालुक्यातलं कोन्नूर. त्याच मे महिन्यात पोस्ट फिरली की कोन्नूरच्या त्यांच्या घरावर हल्ला झाला, कुणी केला त्या संघटनेच्या नावासकट. बेळगावच्या एसपींना सांगावं लागलं की असं काहीही घडलेलं नाही. बेळगावातून कोन्नूर तास-दीड तासाचं, प्रत्येकाचा कुणी ना कुणी पाहुणा गोकाककडं असतोच, तरी आमच्यातल्या लोकांनी फोन न करता आधी फॉरवर्ड केलं. आणि एसपींचं म्हणणं आल्यावर त्यांतलाच एक म्हणतो काय, "पोलीस बातमी दाबायलेत."