टर्मिनल मल्टिप्लेक्सर

टर्मिनल मल्टिप्लेक्सर : युनिक्स धर्तीच्या संगणकावरील टर्मिनल (टंकून आदेश देण्याची खिडकी) सत्र खिडकी बंद झाली तरी चालू ठेवणारी आणि दुसऱ्या टर्मिनलवरून त्याच सत्राचा ताबा घेऊ देणारी आज्ञावली. जीएनयू स्क्रीन (१९८७) आणि निकोलस मॅरियट यांनी लिहिलेले टीमक्स (२००७) ही तिची रूढ रूपे.

दूरच्या सर्व्हरवर काम करताना बहुधा एसएसएच वापरतात. हा प्रोटोकॉल तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तयार केला. त्याने जोडणी सुरक्षित होते, टिकाऊ नव्हे. नेट गेले की शेलला (आदेश वाचून चालवणाऱ्या आज्ञावलीला) ‘हँगअप’, म्हणजे जोडणी तुटल्याचा, सिग्नल मिळतो आणि तासभर चाललेले डेटाबेसचे काम सहसा अर्ध्यावर मरते.

प्रत्येक शेल कर्नलने (संचालन प्रणालीच्या गाभ्याने) दिलेल्या आभासी टर्मिनलच्या एका टोकाला बसलेला असतो. दुसरे टोक एरवी एसएसएचच्या हाती असते. मल्टिप्लेक्सर ते स्वतःकडे घेतो आणि सर्व्हरवर पार्श्वभूमीत चालत राहतो. वापरकर्त्याची खिडकी युनिक्स सॉकेटमधून (त्याच संगणकावरील आज्ञावलींना जोडणाऱ्या दुव्यातून) त्याला जोडली जाते. कंट्रोल-बी आणि मग डी दाबले (स्क्रीनमध्ये कंट्रोल-ए, डी) की खिडकी सुटते, सत्र चालूच राहते. घरून पुन्हा लॉगिन करून ‘अटॅच’ केले की कर्सर होता तिथेच सापडतो.

सत्रात न शिरताही त्याला आदेश देता येतो. टीमक्समध्ये ‘सेंड-कीज’, स्क्रीनमध्ये ‘स्टफ’. एसएसएचवरून हा एकच आदेश सर्व्हरवर चालवायचा, की दिलेली अक्षरे त्या सत्रात टंकली जातात. ‘एंटर’ वेगळे द्यावे लागते. ते राहिले तर आदेश प्रॉम्प्टवर (आदेश टंकायच्या ओळीवर) नुसता लिहिलेला राहतो. पडद्यावरचे उत्तर टीमक्समध्ये ‘कॅप्चर-पेन’ने वाचता येते. मात्र हे आंधळे टंकन आहे. समोर शेल असेल असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात विम हा मजकूर-संपादक उघडा असेल तर फाइल हटवण्याचा आदेशही त्यातल्या मजकुराची मोडतोड करतो. आदेश यशस्वी झाला की फसला, याचा निकालही पाठवणाऱ्याकडे आपोआप येत नाही. चालू असलेल्या गेम सर्व्हरच्या कन्सोलवर एखादी ओळ टाकायला ही सोय उत्तम. गंभीर स्वयंचलनासाठी कच्चीच.

एकाच सत्राला दोघे जोडले गेले तर दोघांना तोच पडदा दिसतो आणि दोघांचेही कीबोर्ड चालतात. नवख्याला शिकवताना हे सोयीचे पडते. त्याने फक्त पाहावे असे वाटत असेल तर टीमक्समध्ये ‘केवळ वाचन’ जोडणीही आहे. जुन्या आवृत्त्यांत सर्वांत लहान खिडकीचा आकार सगळ्यांवर लादला जाई.

ताबा कोणाला मिळणार हे सॉकेटच्या परवानग्या ठरवतात. त्याच खात्यात शिरलेल्या कोणालाही सत्र खुले असते, रूटला (सर्वाधिकारी खात्याला) तर असतेच. त्यामुळे सत्रात सुडोने (रूटचे अधिकार घेण्याच्या आदेशाने) रूट शेल उघडा ठेवून सुटणे धोक्याचे. वेगवेगळ्या खात्यांत सत्र वाटण्याची स्क्रीनची सोय तर सेटयुआयडी-रूट (कोणीही चालवले तरी रूट म्हणून चालण्याचे) अधिकार मागते. असे अधिकार दिलेल्या ५.०.० आवृत्तीतील त्रुटीतून साध्या वापरकर्त्याला रूट होता येते, हे २०२५ मध्ये उघड झाले.