गॅस न पेटवता अर्ध्या तासाचं लोणचं: पाकिटासोबतचा कागद, टाकून देऊ नका

नमस्कार ताई, दादा, मावशी. आमचा लोणचं मसाला घेतलात त्याबद्दल आभार, आता हा कागद एकदा वाचा कारण निम्म्या तक्रारी कागद न वाचल्यामुळेच येतात.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास घालतात ते कैरीचं, वर्षभर टिकणारं लोणचं वेगळं. हे आहे आज करायचं आणि आजच चाटूनपुसून संपवायचं. उन्हाळ्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा दुपारी चारला कोणाला गॅससमोर उभं राहायचंय, पण पोरांना काहीतरी चटकदार लागतंच.

काकडी, गाजर, मुळा, जे घरात असेल ते मिळून अर्धा किलो घ्या आणि बोटाएवढ्या फोडी करा. त्यावर सपाट दोन छोटे चमचे मीठ चोळा आणि वीस मिनिटं बाजूला ठेवा. मीठ फोडीतलं पाणी ओढून बाहेर काढतं, ते पाणी ओतून फोडी सुती फडक्यात दाबून पिळायच्या. इथेच लोक घाई करतात. एका ताईंनी फोन केला की भाऊ लोणच्याचं सूप झालं, विचारलं तर काकडी न पिळताच मसाला टाकलेला. मीठ अगोदर लावायचं असतं म्हणूनच आमच्या मसाल्यात मीठ मुद्दाम घातलेलं नाही, पिळल्यावर चव बघा आणि कमी वाटलं तरच वरून टाका.

आता मसाला. तीन चमचे वाटीत घ्या, दोन-तीन चमचे साधं पाणी घालून कालवा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. मोहरीच्या डाळीचा तो नाकात जाणारा झणका कोरड्या डाळीत नसतोच, कुटलेल्या मोहरीला पाणी लागलं की मग तो तयार होतो, आणि उकळतं पाणी किंवा कडकडीत तेल घातलं की मरतो. त्यामुळे कृपा करून फोडणी देऊ नका. लिंबूही दहा मिनिटांनंतरच पिळा, आंबटामुळे झणका तयार होणं मंदावतं. मग फोडी, एका लिंबाचा रस आणि दोन चमचे कच्चं शेंगदाणा तेल घालून हाताने कालवलं की झालं. कैरी असेल तर लिंबू नको, आणि हिरवी मिरची असेल तर पिळायची भानगड नाही, नुसती चीर द्या.

मेथी आम्ही भाजूनच घालतो. पहिल्या लॉटला कच्ची दळली गेली होती आमच्याकडून, आणि गल्लीतल्या मावशींनी तोंड वाकडं करून सांगितलं, "तुमना मसाला कडू शे". तेव्हापासून मेथी तांबूस होईपर्यंत कोणी कढई सोडत नाही.

कशासोबत खायचं ते तुम्हाला काय सांगायचं, कळण्याची भाकरी, खिचडी, नाहीतर नुसतंच उभ्या उभ्या डब्यातून. हिवाळ्यात मेहरूणची बोरं आली की आमच्या दुकानातला पोरगा ती जरा ठेचून त्यात मीठ-मसाला घालतो आणि आम्हाला काही उरू देत नाही.

टिकण्याबद्दल स्पष्ट सांगतो. हे शिजवलेलं नाही, मीठही कमी, म्हणून बाहेर ठेवायचं तर त्याच दिवशी संपवा आणि फ्रिजमध्ये जास्तीत जास्त तीन दिवस. ओला चमचा घालू नका. कच्चा लसूण घालून तेलात बुडवलेली बरणी ओट्यावर ठेवायची सवय असेल तर ती या लोणच्याला अजिबात नको, तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे वाढणारे जंतू वासावरून कळतही नाहीत. लसूण हवाच तर खायच्या वेळी ठेचून घाला. ब्लड प्रेशरवाल्यांनी दोन फोडींवर थांबावं, आणि पाकीट फोडल्यावर मसाला घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत काढून ठेवा.

तळाला जो खार उरतो तो फेकू नका, त्यात मुरमुरे, शेव आणि चिरलेला कांदा टाका, भत्ता तयार.