मायक्रो आरएनए केंद्रकातून आपोआप बाहेर पडत नाही

सोलापुरात बीएस्सीच्या नोट्समधून एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: 'मायक्रो आरएनए इवलासा, म्हणून केंद्रकाच्या छिद्रातून आपोआप निसटतो.' हे चूक आहे. मायक्रो आरएनए म्हणजे जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणारा आरएनएचा छोटा तुकडा. बाहेर येतं ते त्याचं सुमारे 70 न्यूक्लिओटाइडांचं (म्हणजे आरएनएच्या साखळीतल्या दुव्यांचं), केसांच्या पिनेसारखं दुमडलेलं पूर्वरूप. त्यातून सुमारे 22 न्यूक्लिओटाइडांचा तुकडा, म्हणजे खरा मायक्रो आरएनए, डायसर हे विकर नंतर पेशीद्रव्यात कापतं.

या पूर्वरूपाला मुख्यतः एक्सपोर्टिन-5 हे प्रथिन रॅन-जीटीपीच्या (जीटीपी हा ऊर्जेचा रेणू धरलेल्या रॅन प्रथिनाच्या) साथीने बाहेर नेतं, हे 2003-04 मध्येच दाखवलं गेलं. पकडही वाटेल तशी नाही: पिनेचा दुहेरी दांडा हवा, साखळीच्या 3' नावाच्या टोकाला दोन न्यूक्लिओटाइडं पुढे आलेली हवीत. बाहेर जीटीपीचं विघटन झालं की माल सुटतो. मग निव्वळ आकाराचा मुद्दा टिकतो कुठे? टीआरएनए (प्रथिनं बनताना अमिनो आम्लं आणून देणारा आरएनए) हाही लहानच, पण त्यालाही एक्सपोर्टिन-टी लागतं.